बुटकी गाडी, वाकडी चाके

जुनी गाडी घ्यायची आणि ती जमिनीला टेकते की काय असे वाटावे इतकी खाली बसवायची, अशी एक टूम आपल्या बेळगावच्या तरुण मंडळींत निघाली आहे. त्यातली लाडकी गाडी म्हणजे मारुती ८००. ती १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज धावणारी प्रत्येक मारुती ८०० पिकल्या वयाचीच. तिला आखूड स्प्रिंगा बसवल्या की ती रुबाबदार दिसते, हे मला मान्य आहे. या हौसेला नाके मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत मी पाट मांडलेला नाही. माझे भांडण वेगळे आहे. स्प्रिंगांवर हौसेने पैसे टाकणारा हा रसिक अलाइनमेंटचे नाव काढताच खिसा चाचपू लागतो!

पुढचे चाक वळवणारा टाय रॉड आणि त्याच चाकाला खालून धरणारा आर्म, हे दोन्ही आपापल्या टोकाभोवती कमानीत फिरतात. कारखान्याने ठरवलेल्या उंचीला या कमानी एकमेकींशी बऱ्यापैकी जुळतात. गाडी दीड-दोन इंच खाली आली की ती जुळणी मोडते आणि कोणी हात न लावता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळतात. याला टो म्हणतात. चाकाचा माथा आत-बाहेर कलतो, तो कॅम्बर. कॅम्बर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा फार. टो दिसत नाही, आणि टायर खातो तो मुख्यतः तोच. चाक जाण्याच्या दिशेपासून अर्धा अंश वळलेले असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे फरफटते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ही फरफट पाऊण किलोमीटरच्या पुढे जाते! टायरची एक कड गुळगुळीत होते, उरलेली नक्षी मात्र शाबूत दिसते. मग भर पावसात चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात ब्रेक दाबल्यावर काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

गॅसच्या ज्वाळेने मूळ स्प्रिंगचेच वेढे कापून देणारे महाभागही आहेत. त्या ज्वाळेने पोलादाचे पाणी उतरते, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की स्प्रिंग जागची हलते. त्यांच्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यात अर्थ नाही. चांगला मिस्त्री स्प्रिंगला साजेसे शॉक अॅब्सॉर्बर मागतो. झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट तो आधी बदलतो, कारण ढिल्या सांध्यावर केलेले अलाइनमेंट गॅरेजच्या फाटकापर्यंतच टिकते. बुशचे बोल्ट तो गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळतो, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. थोडी गाडी पळून स्प्रिंगा बसल्या की तो टो पुन्हा तपासतो. उद्यमबागेत शतांश मिलिमीटर सांभाळणारे कारागीर ज्या गावात आहेत, त्या गावाने टो अंदाजपंचे ठेवावा, हे काही मला पटत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले आहे. आपल्या स्प्रिंगा यात कुठे बसतात, हे खर्चाआधीच आरटीओत विचारावे. आणि गतिरोधक? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यात त्याची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. आपल्या गल्ल्यांतल्या गतिरोधकांनी तो नमुना पाहिला असावा असे वाटत नाही.

माझी एक सूचना आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणावेत, स्टिअरिंग सरळ धरावे, आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे दोऱ्यापासूनचे अंतर पट्टीने मोजावे. दोहोंतला फरक हाच त्या चाकाचा टो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत दोरा, पट्टी आणि स्टँड आहेत, आणि मागचे आवार सपाट आहे. एखाद्या शनिवारी प्राचार्यांनी परवानगी दिली तर मी हे करून दाखवीन. कन्नड विभागातल्या मित्रांनीही आपल्या गाड्या आणाव्यात. झिजका टायर ज्याच्याकडे असेल, त्याने तोही बरोबर आणावा.