भूत शिवा, पण चेटकीण नको



धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाऊन आम्ही परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पांढरी लुगडी धुऊन दोरीवर वाळत घातली होती आणि पुण्याहून भाचीचा फोन आला. तिची लेक सहा वर्षांची, पहिलीत जाते.

"मावशी, शाळेतून चिठ्ठी आलीय. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आहे म्हणे. भुताखेताचा वेश करून पाठवा म्हणतात. दुकानात चेटकिणीचा ड्रेस साडेआठशेला आहे. भाड्याने घेतला तर चारशे, वर पाचशे अनामत. काय करू?"

मी आधी हसले. म्हटले, "अगं, आपण भूत मानत नाही. मग लेकराला भूत कसे करायचे?"

ती म्हणाली, "मावशी, वर्गातली सगळी लेकरं करणार. माझी एकटीच साध्या कपड्यात गेली तर रडेल."

भाचीचे म्हणणे खरे होते. लेकराला चारचौघांत वेगळे पाडून आपली मते शिकवता येत नाहीत. मी म्हटले, "दुकानात जाऊ नकोस. चार दिवस सुट्टी काढून गंगाखेडला ये. बघू काय करायचे ते."

फोन ठेवला आणि विचार करू लागले. आधी हा सण काय आहे ते नीट समजून घेतले. मुळात तो आयर्लंडकडचा. तिकडे सुगी संपून हिवाळा लागताना जुने लोक 'सावन' नावाचा दिवस पाळायचे. त्या रात्री मेलेली माणसे घरी येतात, अशी त्यांची समजूत. पुढे ख्रिस्ती धर्म आला. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळला हॅलोविन हे नाव पडले. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. पोटासाठी ते अमेरिकेत गेले, तिथे भोपळे मुबलक, म्हणून सलगमाच्या जागी भोपळा आला. आता तिकडची लेकरे सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. आपल्याकडे सर्वपित्रीला लोक कावळ्याला घास ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. माणूस सगळीकडे सारखाच. मेलेल्यांची आठवण येते, अंधाराची भीती वाटते, त्यातून सण तयार होतात.

सोंगे आपल्याला काही नवीन नाहीत. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव आपण पाहिला आहे. पोलीस बनून दारात येणारा आणि 'चला चौकीवर' म्हणून घाबरवणारा बहुरूपी पाहिला आहे. त्यांचा सगळा वेश घरच्या हाताने तयार केलेला असायचा. पण भगिनींनो, एक फरक विसरू नका. आपल्या लेकरासाठी सोंग हा एका दिवसाचा खेळ आहे. बहुरूप्यासाठी ते पोट होते. भटक्या जमातीतल्या त्या माणसाला ना गाव होते ना शेत. म्हणून लेकरांना बहुरूपी दाखवाल तेव्हा तो हसण्याचा विषय म्हणून दाखवू नका.

आता माझ्या मनात खरी बोच होती ती चेटकिणीच्या ड्रेसची. काळी उंच टोपी, वाकडे नाक आणि हातात झाडू घेतलेली म्हातारी. पुण्यातल्या दुकानदाराला ती गंमत वाटत असेल. आम्हा मराठवाड्यातल्या बायांना ती गंमत वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी गोदावरीच्या पलीकडच्या एका वाडीवरून आम्हाला निरोप आला. एका घरातल्या लेकराचा ताप उतरत नव्हता. कुणीतरी म्हणाले, भानामती झाली. बोट दाखवले गेले ते एका विधवा म्हातारीकडे. ना मूल ना बाळ, दोन पत्र्यांच्या खोलीत एकटी राहणारी. आम्ही तिघीजणी गेलो तेव्हा ती उंबऱ्यात मान खाली घालून बसली होती. दोन दिवस तिला कुणी हापशावर पाणी भरू दिले नव्हते. आणि तिच्या दारापुढून गल्लीतली पोरे 'चेटकीण, चेटकीण' ओरडत पळत होती. एकाच्या हातात झाडू होता. लेकराला आम्ही दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तर मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि ताप उतरला. म्हातारीची मात्र कुणी माफी मागितली नाही.

भानामतीच्या नावाखाली आपल्या भागात बायकांना मारहाण झाली, दात पाडले गेले, गावाबाहेर काढले गेले. परदेशातही हेच झाले. अमेरिकेत सेलम नावाच्या गावी १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ माणसांना फासावर चढवले. त्यांत बहुतेक बायका होत्या. ती काळी टोपीवाली म्हातारी अशाच खऱ्या बायांच्या बदनामीतून आली आहे. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी किंवा चेटूक करते असे पसरवून तिचे जगणे मुश्कील करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, हा आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे प्रत्येक बाईला पाठ असावे.

म्हणून भाची आली तेव्हा मी सांगितले, "भूत करू, भोपळा करू. चेटकीण करायची नाही."

ती म्हणाली, "मावशी, भूत चालते आणि चेटकीण का नाही?"

मी म्हटले, "भूत नसतेच, त्यामुळे त्याच्या नावाने कुणाचे दात पडत नाहीत. चेटकीण म्हटले की कुठल्या तरी जिवंत बाईकडे बोट जाते."

भाची गप्प झाली. मग आम्ही पेटी उघडली.

भुताचा वेश. आमच्या सासऱ्यांचे एक जुने सुती धोतर होते, धुऊन मऊ झालेले. गोधडीच्या पोटात घालायचे म्हणून ठेवले होते. लेकीला उभे करून डोक्यावरून ते टाकले आणि घोट्याच्या चार बोटे वर कापले. हे महत्त्वाचे. लांब ठेवले तर लेकरू पायात अडकून पडते. तोंडावर नुसती दोन भोके पाडू नका, चेहऱ्याएवढा गोल कापा. म्हणजे श्वास मोकळा राहतो आणि बाजूचेही दिसते. कडेने धावदोरा घालून त्यात इलॅस्टिक ओवले, तर गोल हनुवटीखाली नीट बसतो. हात बाहेर यायला दोन्ही बाजूंना उभी चीर द्या आणि तिला काजासारखे टाके घाला, नाहीतर फाटत जाते. चेहऱ्याला रंग फासू नका. कपाळावर काळ्या चिंधीच्या दोन मोठ्या भुवया टाचल्या की झाले भूत. आणि कापड सुतीच घ्या. दुकानातले चकचकीत नायलॉन पेटले की वितळून अंगाला चिकटते. तिकडे मेणबत्त्या लावतात म्हणून सांगते. सुती कापडही पेटतेच, तेव्हा दिव्याजवळ कुठल्याच वेशात लेकराला जाऊ देऊ नका.

या सगळ्या कामात लेकीला आम्ही बाजूला बसवले नाही. खडूने खूण तिने केली. भुवया तिने कापल्या, एक जाड आणि एक बारीक झाली. ती तशीच ठेवली. शेजारचा आठ वर्षांचा पोरगा आधी दारातूनच बघत होता. घरी भानामतीच्या गोष्टी ऐकून त्याच्या मनात भीती बसलेली. हळूच आत आला, धोतराला हात लावला, चिरेतून आत डोकावला आणि म्हणाला, "आत तर हीच हाय!"

आम्ही सगळ्या हसलो. पण मी तुम्हाला सांगते, वाडीवाडीवर जाऊन आम्ही जी भाषणे केली त्यांपेक्षा हे वाक्य मोठे आहे. कुठलेही भूत उघडून पाहिले तर आत कुणीतरी माणूसच सापडतो. आमची लेक अंधाराला घाबरायची, मागच्या दारी एकटी जात नव्हती. त्या रात्री ती कुणाला न उठवता एकटी जाऊन आली.

भोपळ्याची टोपी. दुसऱ्या दिवशी लोकर काढली. नारिंगी लोकर नव्हती, म्हणून माझा जुना केशरी स्वेटर उसवला. उसवलेली लोकर कुरळी असते, तिने लगेच विणू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल दोरा बांधा, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगा. वाळली की सरळ होते.

माप असे काढा. आधी दोन सुलट, दोन उलट अशी दहा सेंटिमीटरची पट्टी विणून टाके मोजा. माझे २२ भरले. लेकराच्या डोक्याचा घेर ५० सेंटिमीटर होता, पण ही वीण ताणते म्हणून ४४ धरले. हिशेबाने ९७ टाके येतात. दोन-दोनच्या विणीला चाराने भाग जायला हवा, म्हणून ९६ घातले. सरळ १८ सेंटिमीटर विणा. मग एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र करा, ४८ उरतात. मधे एक ओळ साधी विणून पुन्हा तसेच करा, २४ उरतात. त्यांतून लोकर ओवून घट्ट ओढा आणि मागची शिवण शिवा. दोन-दोनच्या विणीमुळे भोपळ्याच्या फाकी आपोआप दिसतात. वर हिरव्या लोकरीचे आठ टाके घेऊन सहा सेंटिमीटरची पट्टी विणा, गुंडाळून देठ म्हणून लावा. रोज थोडे विणले तर दोन संध्याकाळी पुरतात.

मी कारकून बाई, हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाड्याच्या वेशाला चारशे रुपये आणि एका दिवसात परत. आमचा खर्च हिरवी लोकर आणि इलॅस्टिक मिळून सत्तर रुपये. धोतर पुढे गोधडीत गेले. टोपी हिवाळाभर डोक्यावर राहिली. परभणी जिल्ह्याची थंडी तुम्हाला माहीत आहे. कृषी विद्यापीठात पारा पाच-सहा अंशांखाली गेल्याची बातमी आपण दर दोन-तीन वर्षांनी वाचतोच.

आता आपल्या दिवसांविषयी थोडे. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती येते आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. तेव्हाही आपण लेकरांचे वेश भाड्याने आणतो. चमकीचा पदर आणि प्लास्टिकचा चष्मा घातला म्हणजे सावित्रीमाई होत नाही. घरचे सुती लुगडे नेसवा, आणि खांद्याच्या पिशवीत आणखी एक लुगडे घडी करून द्या. ते कशासाठी, हे लेकीला विचारा. रस्त्यात लोक शेण फेकत, म्हणून माई शाळेत गेल्यावर बदलायला दुसरे लुगडे सोबत नेत. तो वेश त्या दुसऱ्या लुगड्यामुळे पुरा होतो. निळा कोट शिवाल तेव्हाही लेकराला सांगा की कपडा ही साधी गोष्ट नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितले, अस्पृश्यपणाची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची जुनी रीत आणि ते जड दागिने सोडा. आपल्या आज्यांनी ते ऐकले.

शेवटी त्या शेजारच्या पोराचे सांगते. भुताला हात लावून पाहणारा तोच. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते आणि चार-पाच महिने उसाच्या फडात कोपी करून राहते. पहाटे तीन-चारला आईबाप कोयता घेऊन निघतात आणि लेकरे थंडीत कोपीत पडून राहतात. जायच्या आदल्या दिवशी तो आला. लेक पुण्याला गेली होती. त्याने विचारले, "मावशी, ती भोपळ्याची टोपी मला होईल का?"

मी रात्री बसून त्याच्यासाठी एक विणली. केशरी लोकर संपली होती, म्हणून निळी केली. देठ हिरवाच ठेवला. त्याच्या मागे आणखी तीन भावंडे होती, त्यांना देता आल्या नाहीत. ते माझ्या मनाला लागून राहिले.

१९५० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काही लेकरांनी हॅलोविनला स्वतःसाठी खाऊ मागताना युनिसेफच्या डब्यात दूरदेशीच्या लेकरांसाठी पैसे गोळा केले. ती रीत पुढे देशभर गेली. आपल्याला त्यांचे भूत घ्यायचे असेल तर घेऊ, पण ही रीतही घेऊ. गंगाखेडला आम्ही सातजणींनी ठरवले आहे. रविवारी दुपारी विहारात बसायचे, घरातले जुने स्वेटर आणायचे, उसवायचे आणि ट्रॅक्टर निघण्याआधी फडावर जाणाऱ्या लेकरांसाठी टोप्या विणायच्या. तुमच्या पेटीतही एखादा आखूड झालेला स्वेटर असेल. तो आज काढा. टाके घालायला येत नसतील तर शेजारणीकडून शिकून घ्या.

जयभीम.