उजनीत नाव उलटली, पण धडा वैनगंगेच्या काठालाही घ्यावा लागेल. वादळी वाऱ्यात छोट्या नावेचं नेमकं काय होतं?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं करडी. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे 'वाऱ्यामुळे बोट बुडाली' ही बातमी वाचली की वाटतं, हा कोकणातला विषय आहे, आपला काय संबंध? पण संबंध आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा, मधून वैनगंगा वाहते आणि डोंग्यावर कित्येक घरांची चूल चालते.

आधी उजनीत काय झालं ते बघू.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. सोलापूर जिल्ह्यातल्या कुगावहून पुणे जिल्ह्यातल्या कळाशीकडे एक नाव निघाली. नावेत सात जण होते. मध्येच वादळी वारा आणि पाऊस सुरू झाला, नाव उलटली. एक जण पोहत काठाला लागला, बाकी सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती.

आता प्रश्न पडतो, धरणाच्या पाण्यात एवढी लाट येते कुठून?

लाटेचं गणित सोपं आहे. वाऱ्याला पाण्यावरून सलग पळायला जेवढी जागा मिळते, तेवढी लाट मोठी होते. नदीचं पात्र अरुंद असतं, तिथे वाऱ्याला जागाच मिळत नाही. पण धरण झालं की तीच नदी काही किलोमीटर पसरते. उजनीत भीमेचं हे झालं, पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्दमुळे वैनगंगेचंही तेच झालं. नदीवर हात बसलेला माणूसही या नव्या पाण्यावर फसू शकतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या जोराची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात आरामात चालणारी नाव ४० च्या वाऱ्यात चौपट धक्का खाते. त्यात माणसं जास्त असतील तर नावेची कड पाण्याच्या जवळ आलेली असते. दोन लाटा आत आल्या की आतलं पाणी एका बाजूला धावतं, माणसं घाबरून उभी राहतात आणि नाव कलंडते.

हा वारा सांगून येतो का? बऱ्याचदा येतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर काळे ढग उभे राहतात. त्यातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. म्हणून पावसाच्या आधी एकदम गार वारा सुटतो. तो अंगाला लागला तेव्हा हातात फार तर काही मिनिटं असतात. निर्णय घ्यायचा तो त्याच्याही आधी, ढग दिसताच आणि काठावर असताना.

पाण्यात सापडलोच तर काय करायचं?

ठरलेला काठ विसरायचा, जवळचा काठ गाठायचा. सगळ्यांनी नावेच्या तळाशी बसायचं, उभं राहायचं नाही. लाट बाजूने घ्यायची नाही, नावेचं पुढचं टोक लाटेकडे थोडं तिरकं ठेवायचं. आत आलेलं पाणी डब्याने उपसत राहायचं. आणि नाव उलटलीच तर तिला धरून राहायचं. लाकडी नाव उलटली तरी बहुतेक वेळा तरंगते, पण वाऱ्यात काठापर्यंत पोहताना दमछाक होते. लाइफ जॅकेट घालायचं ते निघतानाच, वादळात ते घालायला वेळ मिळत नाही.

निघण्याआधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा बघायचा. विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप आहे. पिवळा किंवा नारिंगी अलर्ट असेल तर दुपारनंतरची फेरी सरळ रद्द करायची.

पण मग लोक जातातच कशाला, असं म्हणणं सोपं आहे. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरजवळ याच वैनगंगेत नाव उलटली, सहा महिलांचा जीव गेला. त्या मिरची तोडायच्या मजुरीला पलीकडे निघाल्या होत्या. फिरायला निघालेला माणूस फेरी रद्द करतो, मजुराची फेरी रद्द झाली की दिवसाची मजुरी जाते. उजनीतही रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक नावेत बसतात. तिथली पुलाची मागणी त्यातूनच आली.

त्यामुळे सगळा भार नावाड्याच्या अंदाजावर टाकून चालणार नाही. नावेत किती माणसं बसणार, जॅकेट आहेत का आणि आज फेरी बंद हे कोण सांगणार, या तीन गोष्टी प्रत्येक घाटावर ठरलेल्या हव्यात. ग्रामपंचायतीने घाटावर एक फलक लावला तरी सुरुवात होते. पूल होईल तेव्हा होईल, पण पुढच्या उन्हाळ्यात ढग याच काठावर येणार आहेत.