‘मॅडअ‍ॅडम’ त्रयी ‘आपली’ नाही काय?

मार्गारेट अ‍ॅटवुड या कॅनेडियन लेखिकेची ‘ओरिक्स अँड क्रेक’ (२००३), ‘द इयर ऑफ द फ्लड’ (२००९) आणि ‘मॅडअ‍ॅडम’ (२०१३) ही कादंबरीत्रयी अमरावती-अकोल्याकडे कोणी वाचतच नाही, असे नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांत आणि अध्यापकांत तिचे वाचक थोडे आहेत, पण आहेत. त्यांच्याकडून ऐकू येणारी मते मात्र आम्हांला अस्वस्थ करतात. त्रयी फार काळोखी आहे, ती विज्ञानाच्या विरोधात आहे आणि ती ‘आपली’ नाही, अशी ही तीन मते. तिन्ही आम्हांला अमान्य आहेत. त्यातही तिसरे मत वऱ्हाडात राहून कोणी कसे मांडू शकतो, हे आम्हांला खरोखर उमगत नाही.

ज्यांनी त्रयी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. नजीकच्या भविष्यात राज्यसंस्था नावापुरती उरली असून सत्ता जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या हाती गेली आहे. शास्त्रज्ञ कुंपणाआडच्या सुरक्षित वसाहतींत राहतात, बाकीचे बाहेरच्या बकाल शहरांत. क्रेक हा असामान्य बुद्धीचा जनुकशास्त्रज्ञ सुखाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या एका गोळीतून विषाणू पसरवतो आणि मानवजात जवळजवळ नष्ट करतो. तिच्या जागी त्याने प्रयोगशाळेत घडवलेली, मत्सर आणि मालकीहक्क न जाणणारी एक मानवसदृश जमात मागे उरते. पहिला भाग क्रेकचा मित्र जिमी याच्या, म्हणजे कुंपणाच्या आतल्या नजरेतून येतो. दुसरा तोच काळ कुंपणाबाहेरच्या टोबी आणि रेन या दोन स्त्रियांच्या बाजूने सांगतो. तिसऱ्यात उरलीसुरली माणसे आणि ती नवी जमात एकत्र येतात.

आता काळोखाविषयी. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. कौतिकच्या वाट्याला शेवटी काय येते, हे तिचा प्रत्येक वाचक जाणतो. पण ‘धग’मध्ये आशा का नाही, असा प्रश्न आमच्या वर्गांत कोणी विचारत नाही. उलट तिच्या निष्ठुर प्रामाणिकपणाचे आपण कौतुकच करतो, आणि ते रास्तच आहे. मग भविष्याविषयीच्या कादंबरीकडून मात्र धीर देण्याची अपेक्षा का? याचे उत्तर मराठी विज्ञानसाहित्याच्या घडणीत आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, आणि त्यांच्याबरोबर या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. नारळीकरांचे ऋण कोणीही नाकारू नये. आम्हीही नाकारत नाही. परंतु त्या परंपरेचा एक उघड हेतू विज्ञानप्रसाराचा होता, आणि समीक्षेने तो एका प्रवाहाचा हेतू संपूर्ण प्रकाराचा निकष करून टाकला. त्यामुळे विज्ञानकथा म्हणजे ज्ञान देणारी, शक्यतो कुमारांच्या हाती द्यावी अशी वस्तू, हे समीकरण रूढ झाले. परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंनी ‘स्फोट’ आणि ‘विप्लवा’ या विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या. ‘सिंहासन’वर लिहिल्या गेलेल्या पानांच्या तुलनेत त्यांच्यावर किती पाने लिहिली गेली? त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात तरी?

दुसरा आक्षेप विज्ञानविरोधाचा. ज्यांना त्रयी आवडली नाही ते हा दोष म्हणून सांगतात. ज्यांना आवडली त्यांतले काही हाच गुण म्हणून सांगतात. दोघांचेही वाचन अपुरे आहे. त्रयीत एक औषध कंपनी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतून रोग पसरवते आणि मग त्यावरचा उपचार विकते. येथे दोषी कोण, जीवशास्त्र की नफ्याचे गणित? जनुकबदलाचे ज्ञान चांगले की वाईट, यापेक्षा ते कोणाच्या मालकीचे आणि कोणाला उत्तरदायी, हा या पुस्तकांचा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न अकोला जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणाऱ्या, पण सरकारी मान्यता नसलेल्या कपाशीच्या बियाण्याची जाहीर पेरणी केली. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये तुरुंगवास होऊ शकतो, हे ठाऊक असूनही केली. निंदणाचा खर्च परवडत नाही, तेव्हा तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य आम्हांला द्या, ही त्यांची मागणी. त्या बियाण्याला विरोध करणारेही याच भागातले, आणि त्यांची भीतीही खोटी नाही. विज्ञानाच्या बाजूचे कोण आणि विरोधातले कोण, अशी सोपी वाटणी त्या शेतात करता येत नव्हती. अ‍ॅटवुडच्या त्रयीतही ती करता येत नाही.

आता ‘आपली नाही’ या मताकडे वळू. भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ त्याच वर्षी आली. २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘ओरिक्स अँड क्रेक’ २००३ची. म्हणजे बीजाचा जनुक मालकीची वस्तू होऊन वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत उतरला, त्याच सुमारास बुलढाण्याचा एक लेखक कोरडवाहू शेतीची मोडतोड लिहीत होता आणि टोरांटोची एक लेखिका जनुकांच्या मालकीचा शेवट लिहीत होती. पहिली कादंबरी आपण मराठी विभागात ‘ग्रामीण’ म्हणून शिकवतो. दुसरी, शिकवलीच तर, इंग्रजी विभागात ‘डिस्टोपिया’ म्हणून. दोन्ही विभाग एकाच व्हरांड्यात असतात, पण एकाची पुस्तके दुसऱ्याकडे जात नाहीत.

त्रयीतील कॉफीचा प्रसंग पाहावा. एक कंपनी असे झाड तयार करते की त्याची सगळी फळे एकाच वेळी पिकतात, त्यामुळे तोडणी यंत्राने होते आणि छोटे उत्पादक व मजूर देशोधडीला लागतात. वऱ्हाडात कापसाची वेचणी तीन-चार वेळा होते, कारण बोंडे एकदम फुटत नाहीत. त्या वेचणीवर हजारो बायांची दिवाळीनंतरची मजुरी उभी असते. बोंडे एकाच सुमारास फुटणाऱ्या, यंत्राने वेचता येतील अशा वाणांचे संशोधन आज आपल्याकडे चालू आहे. वेचणीला माणसे मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. वेचणी गेली तर खायचे काय, हा मजूर बाईचा प्रश्नही तितकाच खरा आहे. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीचे कवच भेदले आणि त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घरची सरकी राखून पेरण्याची रीत मोडून संकरित बियाण्याचे पाकीट दर वर्षी विकत घेणाऱ्या प्रदेशाने ही कादंबरी परकी म्हणावी?

त्रयी निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. तिसऱ्या भागात झेबचे पूर्वायुष्य पसरट होते, आणि कंपन्यांच्या नावांतील श्लेष पुढेपुढे कंटाळवाणे वाटतात. आपण विज्ञानकथा लिहीतच नाही, हा अ‍ॅटवुडचा दावाही आम्हांला पटत नाही. उर्सुला ल ग्विन यांनी २००९ साली त्यावर घेतलेला आक्षेप योग्यच होता. आणि एक आक्षेप याहून गंभीर आहे : लहानपणीच विकली गेलेली आशियाई मुलगी ओरिक्स आपल्याला जवळजवळ सर्वस्वी जिमीच्या आठवणींतून दिसते. तिचे गाव, तिची आई, तिचे विकले जाणे हे सारे दूरच्या नजरेने टिपलेले आहे. ‘आपली नाही’ म्हणणाऱ्यांनी याच जागी बोट ठेवले असते, तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो असतो. पण देशीयतेचे नाव घेऊन पुस्तक मिटून ठेवणे सोपे आणि ही उणीव दाखवून देणे कष्टाचे.

ती उणीव टोरांटोहून भरून निघणार नाही. ओरिक्सच्या गावातून पाहणारी कादंबरी खारपाणपट्ट्यातील एखाद्या मुलीने लिहिली पाहिजे, आणि ती काळोखी निघाली तर आपण तिला आशावादाचे उपदेश करता कामा नयेत. तूर्त अध्यापकांनी एवढे तरी करावे : ‘बारोमास’ आणि ‘ओरिक्स अँड क्रेक’ एकाच सत्रात, एकाच वर्गात वाचायला द्याव्यात, आणि कोणती कादंबरी ‘वास्तव’ हा प्रश्न विद्यार्थ्यांवर सोडावा. त्यांपैकी अनेकांच्या घरी पऱ्हाटी उभी असते. त्यांची उत्तरे ऐकण्याची आमची तयारी आहे.