शब्दांच्या पोटी शब्द

'मरा, मरा' जपता जपता 'राम' उमटला, ही वाल्या कोळ्याची कथा मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. अक्षरांची उलटापालट मराठी मनाला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातील 11 तालुक्यांची नावेच पाहावीत. 'माळशिरस'मध्ये माळ, शिर, रस. 'करमाळ्या'त कर, रमा, माळा. 'मंगळवेढ्या'त मंगळ, गळ, वेढा आणि अक्षरे हलवली तर वेळही! काना-मात्रेसह अक्षर अखंड ठेवायचे, एवढाच नियम. इंग्रजी माध्यमातील अनेक मुले रोमन अक्षरांचे असे खेळ लीलया खेळतात. मराठी जोडाक्षरापाशी मात्र अडखळतात. दोष मुलांचा नव्हे, घरांचा आहे. केवळ भाषा गौरव दिनाच्या भाषणांनी मराठी टिकणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे घराघरांत हा खेळ रंगावा. संस्कार आपोआप होईल.