तवंग पसरल्यावर आराखडा शोधायचा काय?

ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्रात एखाद्या जहाजाचे तेल सांडले, तर करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाचे काय बिघडते, असा प्रश्न कुणीही विचारील. वरवर पाहता तो रास्तच आहे. परंतु हिमसागराने जगाला जो धडा शिकविला, तो न गिरवल्याची किंमत मुंबईने स्वतःच्या उंबरठ्यावर मोजली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. कीटकनाशकांनी भरलेले कंटेनरही त्या जहाजावर होते. मुंबई व जवाहरलाल नेहरू ही देशाची दोन मोठी बंदरे काही दिवस ठप्प झाली. उरण, एलिफंटा, अलिबाग परिसरातील किनारे आणि कांदळवने काळवंडली. नारळी पौर्णिमा अवघ्या अडीच आठवड्यांवर आली होती. ज्या दिवशी कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाला आरंभ करतो, त्या दिवसाच्या तोंडावर त्याच्या दर्यावर तेलाचा तवंग होता.

एका दुर्घटनेने शहाणपण आले असेल, असे मानावे तर पुढचे वर्ष आठवावे. जून २०११ मध्ये भंगारात निघालेले ‘विस्डम’ ओढून नेत असताना दोर तुटून जुहूच्या वाळूत रुतले. ३१ जुलैला ‘पवित’ हे ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले तेलवाहू जहाज, एकही माणूस नसताना, अरबी समुद्र ओलांडून त्याच जुहूला येऊन लागले. २६/११ ला तीन वर्षेही झाली नव्हती, तरी ते कुणाच्या दृष्टीस पडले नाही! त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, ६० हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन जाणारे ‘राक कॅरिअर’ मुंबईजवळ बुडाले आणि त्याचे इंधन किनाऱ्याकडे येऊ लागले.

या चारही घटनांचे महिने पाहा. जून, जुलै, ऑगस्ट. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ६४० कंटेनर घेऊन बुडालेली ‘एमएससी एल्सा-३’ हीदेखील मोसमी पावसाच्या तोंडावरच गेली. पावसाळा हाच आपल्या समुद्राचा बर्फ आहे, ही गोष्ट आपल्या नियोजनकर्त्यांच्या मनावर अद्याप पुरेशी बिंबलेली दिसत नाही.

हिमसागरात तेल सांडले की ते बर्फाखाली अडकते आणि बर्फाबरोबर दूर वाहत जाते. थंडीत त्याचे बाष्पीभवन मंदावते, जड इंधन डांबरासारखे घट्ट होते, तेल अडविणारी तरती कुंपणे बर्फात निकामी ठरतात. त्यात अंधार आणि मदतीचे तळ शेकडो मैल दूर. म्हणूनच तेथे सांडलेले तेल गोळा करता येईल, या भ्रमात कुणी राहत नाही. ते सांडूच नये, यावर सारा भर दिला जातो. ध्रुवीय जलवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता, म्हणजेच पोलर कोड, १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. जड इंधन तेलाला अंटार्क्टिक समुद्रात २०११ पासूनच बंदी आहे, आणि आर्क्टिकमध्येही काही सवलती ठेवून का होईना, जुलै २०२४ पासून ती सुरू झाली.

आता आपल्या पावसाळ्याकडे वळू. लाट मीटर-दीड मीटरच्या वर उसळली की साधे तरते कुंपण तेल धरू शकत नाही. तेल उपसणारी यंत्रे हेलकाव्यांत चालत नाहीत. विमानाला तवंग दिसत नाही, लहान नौका बाहेर पडू शकत नाहीत. कुणी म्हणेल, उष्ण पाण्यात तेल लवकर उडते, लाटांनी ते विरते, जिवाणू ते पचवितात. हलक्या डिझेलपुरते हे खरेही आहे. पण जहाजाच्या टाकीतले जड इंधन कांदळवनाच्या चिखलात एकदा शिरले की तेथे लाट पोहोचत नाही आणि प्राणवायूही पुरेसा नसतो. माशांची पिले जेथे वाढतात, नेमके तेथेच ते मुरून बसते.

आपल्याकडे आराखडा नाही, असे मुळीच नाही. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून अस्तित्वात आहे. त्यानुसार समुद्रावरची जबाबदारी तटरक्षक दलाची, बंदराच्या हद्दीतली बंदराची आणि किनारा स्वच्छ करण्याची राज्याची. कागदावर ही वाटणी चोख आहे. परंतु तेल हद्दी ओळखत नाही! तटरक्षक दलाचे जवान प्राण पणाला लावून झुंजतात, त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रदूषण नियंत्रणाचे खास जहाज ‘समुद्र प्रहरी’ मुंबईत सेवेत दाखल झाले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, ‘चित्रा’च्या अपघातानंतर दोन महिन्यांनी. त्याची बांधणी आधीच सुरू होती हे मान्य केले, तरी वरातीमागून घोडे आले हे नाकारता येत नाही.

केवळ कागदावरचा आराखडा काय कामाचा, हे अलास्काने दाखविले आहे. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज हिमखंड टाळण्यासाठी नेहमीचा मार्ग सोडून गेले आणि खडकावर चढले. सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. आराखडा होता, पण साधने वाहून नेणारा बार्ज त्या दिवशी सज्ज नव्हता. अमेरिकेने दुसऱ्याच वर्षी कायदा केला, तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आज तेथे शेकडो स्थानिक मासेमारी नौका करारबद्ध आहेत; त्यांना दरवर्षी प्रशिक्षण व मोबदला मिळतो. ज्याचा दर्या, त्याच्याच हाती राखण!

आपल्या कोळीवाड्यांना हे का जमू नये? शिवछत्रपतींचे आणि कान्होजी आंग्र्यांचे आरमार याच किनाऱ्यावरच्या माणसांनी चालविले. करी रोडला लागून असलेल्या लालबागच्या बाजारात १९३४ साली कोळी बांधव आणि व्यापाऱ्यांनी मिळून ज्या गणेशोत्सवाची स्थापना केली, तो आज लाखो भाविकांची व्यवस्था लावतो. संघटनशक्ती समाजात आहे. तिला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आणि शासनाची मान्यता हवी. उघड्या हातांनी बादल्या भरून विषारी तेल उपसायला लावणे म्हणजे सेवा नव्हे. ती सेवकांची हेळसांड आहे.

दुसरा प्रश्न भरपाईचा. ‘चित्रा’ आणि ‘राक कॅरिअर’ यांच्यावर ध्वज पनामाचा, ‘एल्सा-३’वर लायबेरियाचा. नफा परदेशी मालकाचा, सोयीचा ध्वज तिसऱ्याच देशाचा आणि काळा झालेला किनारा मात्र आमचा! ‘राक कॅरिअर’ बुडाले २०११ मध्ये. मालकांनी १०० कोटी द्यावेत, असा हरित लवादाचा निर्णय आला २०१६ मध्ये. ‘एल्सा-३’साठी केरळने ९,५३१ कोटींचा दावा केला आहे. अशा दाव्यात पुरावा लागतो. रोजच्या मासळीची नोंदच ज्याच्यापाशी नाही, तो कोळी आपले नुकसान न्यायालयात कसे सिद्ध करणार? १९५८ चा कायदा बाजूला सारून २०२५ मध्ये संसदेने नवा व्यापारी नौवहन कायदा केला, हे स्वागतार्ह आहे. पण कायद्याचे फळ कोळीवाड्यापर्यंत पोहोचायला नोंदी लागतील.

आणि हिमसागराशी आपला संबंध नाही, हा भ्रमही सोडून द्यावा. गोठणाऱ्या ओखोत्स्क समुद्रातील सखालिन-१ तेलप्रकल्पात ‘ओएनजीसी विदेश’ने २००१ मध्ये २० टक्के वाटा घेतला. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेच्या देखरेखीखाली अंटार्क्टिकावर मैत्री आणि भारती ही केंद्रे चालतात. त्यांचे इंधन जहाजानेच जाते. तेथील पर्यावरणरक्षणाचे दायित्व आपण २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने स्वीकारले आहे. बर्फात जी शिस्त आपण पाळू म्हणतो, ती मुंबईच्या दारात का नको?

मागण्या साध्या आहेत. राष्ट्रीय आराखड्याला पावसाळ्याचे स्वतंत्र, सविस्तर प्रकरण असावे. जून ते सप्टेंबर मुंबईबाहेर शक्तिशाली टग सदैव सज्ज असावेत आणि जीर्ण जहाजांना या काळात आपल्या पाण्यातून ओढून नेऊ देऊ नये. दरवर्षी मे महिन्यात तटरक्षक दल, बंदरे, राज्य शासन आणि कोळीवाडे यांचा संयुक्त सराव व्हावा व त्याचे निष्कर्ष जनतेसमोर यावेत. कोळी बांधवांच्या मासळीची नोंद ठेवायला शासनाने आजच आरंभ करावा. सत्तेवर कोणीही असो, हा जाब विचारणे सजग नागरिकांचे कर्तव्य आहे. पुढच्यास ठेच लागली असता मागच्याने शहाणे व्हावे, असे आपण म्हणतो. येथे तर ठेच आपल्यालाच लागली आहे, आणि तीही पुन्हा पुन्हा. पुढचा पावसाळा कुणासाठी थांबणार नाही.