आज काय घालू?

"कपड्यांत काय ठेवलंय?" असं म्हणणारी मंडळीच मुलींच्या कपड्यांबद्दल नोटीस काढतात, ही एक गंमतच आहे!

मी कॉन्व्हेंटवाली. दहा वर्षं स्कर्ट, टाय आणि रिबिनसुद्धा ठरलेल्या रंगाची. त्यामुळे होस्टेलच्या कपाटासमोर उभं राहून "आज काय घालू?" असं स्वतःला विचारणं मला अजूनही चैनीचं वाटतं. सबमिशनच्या आठवड्यात चुरगळलेला टी-शर्ट, ओरलला इस्त्रीचा कॉटनचा कुर्ता, घरची आठवण आली की आईची जुनी ओढणी. आज हिच्याशी बोलायचं की नाही, हे माझी रूममेट न विचारता ओळखते!

वर्कशॉपचा नियम मला शंभर टक्के मान्य. लेथच्या फिरत्या चकमध्ये ओढणी अडकली तर काय होईल, हे इंजिनिअरला सांगायला नको. पण "सोबर कपडे" म्हणजे नेमके कुठले? त्याचा टॉलरन्स कुठल्या ड्रॉइंगवर दिलाय? आणि ही नोटीस फक्त लेडीज होस्टेलच्याच बोर्डावर का?

कपडे बोलतात हे थोरामोठ्यांनाही ठाऊक होतं. गांधीजींनी 1921 साली मदुराईत पंचा स्वीकारला. बाबासाहेबांनी सूट-टाय निवडला. दोघांचं म्हणणं वेगळं, पण काय घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवलं. आमचं मात्र नोटीस बोर्ड ठरवणार?

नियम जरूर करा सर, पण कारणासकट आणि मुलामुलींना सारखे. तोपर्यंत उद्या मी माझा लालभडक कुर्ता घालणार. म्हणजे, आजची ओरल बरी गेली तर!