ताम्हिणीतल्या पक्षी सहलींना नियम हवेत

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर.

महोदय,

पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे प्रशासनाचं लक्ष असतं. धबधब्यांवर जायला बंदीचे आदेश निघतात, रस्त्यावर पोलीस उभे राहतात, अपघात टाळायची धडपड चालते. नवरात्राच्या सुमाराला पाऊस ओसरतो, गर्दी पांगते, बंदोबस्तही उठतो. या मुळशी परिसराचा दुसरा हंगाम नेमका तेव्हा सुरू होतो. तो स्थलांतरित पक्ष्यांचा, आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या आमच्यासारख्या पक्षीनिरीक्षकांचा. त्याबद्दल हे पत्र आहे.

करडा धोबी तर पाऊस पुरता जायच्या आधीच ओढ्यातल्या खडकांवर शेपटी हलवत फिरू लागतो. भातकापणी सुरू झाली की खाचरांच्या बांधांवर गप्पीदास दिसतात. मुळशी धरणाच्या जलाशयाकाठच्या झाडीत हिरवट पर्णवटवट्याची किणकिण ऐकू येते. या पक्ष्याचं वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, आणि तो हिमालय किंवा त्याच्याही पलीकडून आलेला असतो. अंगात साठवलेली चरबी हेच त्याचं इंधन. प्रवासात ती संपत आली की उतरायचं, किडे खाऊन पुन्हा भरून घ्यायची आणि पुढे निघायचं. म्हणून अशा मुक्कामात सकाळचे पहिले दोन तास त्याच्यासाठी फार मोलाचे. आम्हीही नेमके त्याच दोन तासांत तिथे पोहोचतो.

मग नोव्हेंबरात अमूर ससाणा येतो. लोणावळा-मुळशी पट्ट्यातल्या पठारांवर, विजेच्या तारांवर आणि निष्पर्ण फांद्यांवर त्याची वाट पाहत आम्ही उभे असतो. नर पाटीसारखा करडा, पाय नारिंगी-तांबडे, पोटाखाली विटकरी रंग, आणि पंख उघडले की आतली पांढरी बाजू लख्ख दिसते. तारेवरून सुटायचं, हवेतच चतुर किंवा नाकतोडा पायात पकडायचा, उडता उडताच खायचा, पुन्हा तारेवर. ईशान्य चीन, मंगोलिया आणि सैबेरियाकडून निघालेला हा पक्षी नागालँड-मणिपूरला थांबतो, आपलं द्वीपकल्प ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातो. २०१३ च्या नोव्हेंबरात नागालँडमध्ये नागा, वोखा आणि पांगती या तीन ससाण्यांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले होते. नागालँड ते आफ्रिकेचा किनारा हा टप्पा पाच-सहा दिवसांत पार होतो, हे अशाच नोंदींमधून कळलं. समुद्रावर त्याला बसायला जागा नाही. नागालँडपासून सह्याद्रीच्या पठारापर्यंत त्याने जे खाल्लं असेल, त्याच्या जोरावर ते अंतर कापायचं असतं.

आता त्याच पठारावर काय चालतं ते सांगतो. एकाला ससाणा दिसतो, व्हॉट्सॲपवर लोकेशन जातं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाड्यांची रांग लागते. काही गाड्या रस्ता सोडून गवतात शिरतात. पक्षी खांबावर टेकला की दहाजण कॅमेरे घेऊन पुढे सरकतात, तो उडतो, पुढच्या खांबावर बसतो, घोळका तिकडे वळतो. उडतानाचा फोटो हवा म्हणून मुद्दाम टाळ्या वाजवणारेही असतात. खाली झाडीत वेगळा प्रकार. निळी माशीमार हिवाळ्यात आपल्या ठरावीक टापूत किडे टिपते आणि तो टापू इतरांपासून राखते. ब्लूटूथ स्पीकरवर तिच्याच जातीचा आवाज लावला, की कोणी प्रतिस्पर्धी घुसला असं समजून ती खाणं सोडून धावत येते, फांदीफांदीवर त्याला शोधते. शोधण्याच्या त्या दोन-चार मिनिटांत छान फोटो मिळतो. एक गट निघून गेला की दुसरा येतो आणि तोच आवाज पुन्हा लागतो. हाच खेळ सकाळभर चालला तर तिने खायचं कधी?

हे करणारी माणसं दुष्ट नाहीत. बहुतेकांचं पक्ष्यांवर मनापासून प्रेम आहे, आणि त्यांच्या नोंदींमुळेच या भागातल्या पक्ष्यांची माहिती जमा झाली आहे. म्हणून मी बंदी मागत नाही. माणसं रानात आली पाहिजेत, मुलांना आणलं पाहिजे. पण त्यांनी तिथे कसं वागायचं, हे अधिकाराने सांगणारं कुणीतरी हवं.

तो अधिकार आपल्याकडे आहे. ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झालं, सुमारे ५० चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटनासाठी प्रवेशाचा परवाना आपण देता, आणि त्याला अटी व शुल्क लावता येतं. अट छोटी असू द्या: स्पीकरवर आवाज लावायचा नाही, किडे किंवा दाणे टाकून पक्षी बोलवायचा नाही, गाडी रस्त्यावरून खाली उतरवायची नाही. याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही मोडतं, हे किती छायाचित्रकारांना ठाऊक आहे? परवान्यावर ठळक अक्षरांत लिहिलं तर निदान माहीत नव्हतं असं म्हणायला जागा उरणार नाही.

अडचण अशी, की ससाणे अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. ते उतरतात ती बरीचशी पठारं खासगी किंवा गावांच्या मालकीची आहेत. तिथे आपल्या परवान्यापेक्षा गावाचा शब्द मोठा ठरेल. नागालँडमध्ये नेमकं हेच घडलं. २०१२ साली बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू या निसर्गसंवर्धकांनी दोयांग धरणाच्या जलाशयावर चाललेली अमूर ससाण्यांची कत्तल जगापुढे आणली. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी जाळ्यांत सापडत होते, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी पांगतीसारख्या गावांच्या परिषदांनी जाळी बंद केली आणि एकही ससाणा मारला गेला नाही. कायदा आधीही होताच, गावाने मनावर घेतलं तेव्हा तो लागू झाला.

इथे जाळी नाहीत, कत्तल नाही, त्यामुळे आपलं काम कितीतरी सोपं आहे. शिवाय गावकऱ्यांनीच पक्षी दाखवण्याचा नमुना पुणे जिल्ह्यातच आहे. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार तरुण आज पर्यटकांना होडीतून रोहित आणि बदकं दाखवतात, त्यावर त्यांचं घर चालतं. ताम्हिणी, निवे, वडुस्ते, पळसे इथल्या मुलांना हे का जमू नये? कुठल्या ओढ्यावर काय येतं आणि कुठल्या देवराईत हरियाल उतरतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज मात्र सहलीचे पैसे पुण्या-मुंबईचे आयोजक घेतात आणि गावात फार तर चहा-पोह्यांची विक्री होते. ज्या जलाशयाकाठी आम्ही दुर्बिणी लावतो, त्याच्या तळाशी या माणसांची भाताची जमीन आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी मुळशी सत्याग्रह केला तो तिच्यासाठीच, आणि तरीही धरण झालं. त्याच पाण्याकाठी आता नवा धंदा उभा राहत असेल, तर त्यात पहिला वाटा त्यांचा असावा असं मला ठामपणे वाटतं. दाखवणारा गावचा असेल तर तो पक्ष्याच्या मागे दहा माणसं धावू देणार नाही, कारण पक्षी उठून गेला तर उद्याची रोजी त्याचीच बुडेल.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. चितमपल्लींनी सारी नोकरी वनखात्यातच केली, आपल्याच खात्याचे ते. दरवर्षी या सप्ताहात व्याख्यानं होतात, पोस्टर लागतात. यंदा एवढं करा: सप्ताहाच्या आधी ताम्हिणीचा परवाना नव्या अटींसह छापा, वर सांगितलेल्या गावांच्या ग्रामसभांशी एकदा बसून बोला, आणि तयारी दाखवतील त्या तरुणांचं प्रशिक्षण सप्ताहातच सुरू करा. पुण्यातले जाणते पक्षीनिरीक्षक शिकवायला विनामोबदला येतील, त्यांना गोळा करायची जबाबदारी माझी. ससाणे पोहोचायला तोवर थोडेच दिवस उरलेले असतील, म्हणून ऑक्टोबरातच आपलं उत्तर यावं ही विनंती.

आपला,
मुळशी खोऱ्यात नेहमी येणारा एक पक्षीनिरीक्षक